कुडपणच्या कोंबड्याविरुद्ध तक्रार कोण करणार?

ध्वनिप्रदूषण नियमन आणि नियंत्रण नियम, २००० हा सरकारी कागद कुणी अक्षरशः मनावर घेतला, तर कुडपणमधला एकूण एक कोंबडा सराईत गुन्हेगार ठरेल. नियमांच्या लेखी रात्र दहा वाजता सुरू होते आणि सकाळी सहाला संपते. या वेळात निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. कोंबडा उठतो पाचच्या सुमारास, आणि ४५ डेसिबलांत बसेल असं आरवणं कुठल्याही स्वाभिमानी कोंबड्याला जमणारं नाही. कुडपण म्हणजे पोलादपूर तालुक्याचं अगदी वरचं टोक. रायगड, सातारा आणि रत्नागिरी हे तीन जिल्हे एकमेकांना खेटतात त्या भागातलं, प्रतापगड आणि मकरंदगडाच्या शेजारातलं गाव. पावसाळ्यात इथले धबधबे दिवसरात्र कोसळत असतात, तेही कुणाची परवानगी न काढता. कौलं जाऊन पत्रे आले तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की घरातल्या घरात बोलणं बंद होऊन हातवारे सुरू होतात. रात्री भेकर भुंकतं, रातकिडे अखंड पाठ लावतात, आणि उजाडायच्या आत शीळकरी कस्तूर शाळा बुडवलेल्या पोरासारखा शिट्ट्या मारत ओढ्यावर फिरत असतो. एवढा कारभार चालू असताना कुणी कुडपणकर आवाजाची तक्रार घेऊन घाट उतरेल आणि पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात जाऊन बसेल, ही कल्पना गावात नुसती बोलून दाखवली तरी चहाबरोबर दोन दिवस पुरेल.

आता तोच घाट उतरून महामार्गाला लागा आणि मुंबई गाठा. तिथे आवाजाची तक्रार हा नागरिकशास्त्राचा सर्वांत लोकप्रिय प्रात्यक्षिक भाग झाला आहे. एके काळी तक्रारदार वर्तमानपत्राला पत्र लिहायचा. ‘आपला, एक त्रस्त नागरिक’ अशी सही करून ते पत्र छापून येईपर्यंत गणपतीचं विसर्जन होऊन नवरात्रही उठलेलं असायचं. मग घरोघरी फोन आले आणि १०० क्रमांक फिरवायची सोय झाली. पुढे ट्विटरवर पोलिसांना जाहीर हाक मारता येऊ लागली, त्यावर ‘कृपया पत्ता कळवा’ असं नम्र उत्तरही येऊ लागलं. आता ११२ आहे. प्रत्येक टप्प्यावर तक्रारीचा खर्च उतरत गेला. पूर्वी निदान टपालाचं तिकीट आणि बऱ्यापैकी अक्षर लागायचं, आता अंथरुणातून उठावंही लागत नाही. सणासुदीचे दिवस सरले की बातमी येते, यंदा तक्रारी वाढल्या. म्हणजे शहर बहिरं होत चाललं. एखाद्या वर्षी त्या घटतात, तेव्हा त्याच जागी छापून येतं की जनजागृती झाली. दोन्ही बातम्यांचं गृहीत एकच, की तक्रारी मोजल्या म्हणजे आवाज मोजला. माझं म्हणणं असं आहे की तक्रारींचा आकडा आवाज मोजतच नाही. शेजाऱ्यांची ओळख किती उरली आहे, फोन किती हाताशी आहे आणि तक्रार केल्यावर आपलं काय होईल याची धास्ती किती आहे, या तीन गोष्टी तो मोजतो. आवाज हे निमित्त.

हे गावाकडचं तिरपागडं मत आहे असं वाटेल, म्हणून पुरावा थेट अमेरिकेतून घेऊ. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाकडे २०१५ साली विमानांच्या आवाजाविषयी ८,७६० तक्रारी आल्या. आकडा ऐकून वाटावं की अर्धं शहर कानांत बोळे घालून बसलं आहे. बारकाईने पाहिल्यावर निघालं असं की त्यांतल्या ६,८५२ तक्रारी एकाच घरातून आल्या होत्या. वर्षभर, सुट्टीचे दिवस धरून, दिवसाला सरासरी १९. त्या घराच्या निष्ठेला सलाम करायला हवा. आपल्याकडे रियाजाला बसणारेसुद्धा इतके नियमित नसतात. पण त्या वर्षीचा आलेख काढून कुणी ‘नागरिकांमध्ये वाढता असंतोष’ असा मथळा दिला असता, तर तो असंतोष एका छपराखाली राहत होता. दुसरा पुरावा लंडनचा. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, विमानं जमिनीवर राहिली, दारूचे अड्डे बंद झाले. शहर इतकं शांत कित्येक वर्षांत झालं नव्हतं. आणि नेमक्या त्याच काळात आवाजाच्या तक्रारी आदल्या वर्षाच्या तुलनेत ४८ टक्क्यांनी वाढल्याचं संशोधकांना आढळलं. माणसं घरात कोंडली गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या टाचा ऐकू आल्या. त्या टाचा पूर्वीही तितक्याच जड होत्या.

मुंबईत त्याच काळात काय झालं ते आवाज फाउंडेशनने यंत्राने मोजलेलं आहे. ही संस्था सुमारे वीस वर्षं विसर्जनाच्या रात्री ध्वनिमापक घेऊन रस्त्यावर उभी राहते. २०१९ च्या गणेशोत्सवात त्यांना सर्वांत चढा आवाज १२१.३ डेसिबल मिळाला. करोनाच्या निर्बंधांत तो २०२० मध्ये १००.७ वर आणि २०२१ मध्ये ९३.१ वर उतरला. २०२२ मध्ये निर्बंध उठले आणि आकडा टुणकन १२०.२ वर जाऊन बसला, जणू मधली दोन वर्षं कुणी आवाजावर नुसतं पातेलं पालथं घातलं होतं. हे खरं मोजमाप. यात कुणाचा राग नाही, रुसवा नाही, जात-धर्म नाही. यंत्राला भावकी नसते.

तक्रारीला मात्र भावकी असते, आणि त्याचा सगळ्यांत मोठा दाखला म्हणजे हॉर्न. शहरात वर्षाचे ३६५ दिवस चालणारा आवाज रहदारीचा. गणपती दहा दिवसांचे, नवरात्र नऊ दिवसांचं, लग्नसराई फार तर चार महिने. हॉर्नला विसर्जन नाही. तरीही मध्यरात्री ११२ फिरवून ‘साहेब, आमच्या नाक्यावर सगळेच हॉर्न वाजवतायत’ असं सांगणारा माणूस विरळा, कारण सांगणाऱ्याची स्वतःची गाडीही त्याच नाक्यावरून जाते. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी यावर एक नामी युक्ती केली होती. काही सिग्नलांना त्यांनी डेसिबल मोजणारं यंत्र जोडलं. आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाजवा आणि थांबा. २०२० च्या जानेवारीअखेरीस त्याची चित्रफीत आली आणि जगभर वाहवा झाली. त्या चित्रफितीत लोकांचे चेहरे बघण्यासारखे आहेत. हिरवा व्हायला आलेला दिवा मागे सरकतो आणि प्रत्येक जण मान वळवून दुसऱ्याकडे रागाने बघतो. स्वतःच्या हाताकडे कुणी बघत नाही.

कुडपणचा माणूस या गोष्टीत उपयोगी पडतो तो यासाठी, की तो दोन्हीकडे राहतो. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ गावांतला कर्ता माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला पोटामागे गेलेला. पूर्वी गिरणगावातल्या खोल्यांत, आता दिवा, नालासोपारा, विरार अशा लोकलच्या लांबच्या स्थानकांना. हा चाकरमानी मुंबईतल्या इमारतीत असतो तेव्हा खालच्या मंडपातला डीजे त्याला सहन होत नाही, आणि ते बरोबरही आहे. सकाळची पहिली पाळी असते, पोरीची परीक्षा असते, आई आजारी असते. तो खिडक्या लावतो, मग फोन लावतो. तोच माणूस गणपतीला किंवा शिमग्याला गावी निघतो तेव्हा टेम्पोत सामानाच्या मधोमध, गाद्यांच्या वळकट्यांमध्ये नीट जपून, दोन मोठे बॉक्स ठेवलेले असतात. शेजारच्या वाडीत बेंजो पार्टी ठरली असेल, तर आपल्या वाडीत तिच्यापेक्षा मोठी ठरवायची असते. खालूबाजा असतो तो वेगळाच: ढोल, टिमकी, झांज आणि सनई. पालखी अंगणात येते, नाचते, आणि ढोलाचा ठेका छातीत उतरतो तेव्हा त्याला डेसिबल आठवत नाहीत. मुंबईत ज्याच्या घरात ६० डेसिबल घुसले म्हणून संताप झाला, तो इथे १०० च्या घरात डोळे मिटून डोलत असतो. कानाचा पडदा एकच. फरक एवढाच की इथे ढोल वाजवणारा कोण, त्याचा बाप कोण, आणि तो आज का वाजवतोय, हे सगळं त्याला ठाऊक आहे.

डोंगरातल्या गावात आवाज हा बऱ्याच अंशी निरोप असतो. समोरच्या वरकसावरून घातलेली हाळी म्हणजे गुरं सुटली किंवा पाहुणे आले. एसटी शेवटच्या वळणावर पहिल्या गिअरमध्ये कण्हू लागली की घराघरांत चहाचं आधण चढतं. भात किंवा नाचणी पोटरीला आली की रात्री मचाणावर बसून रिकामे डबे बडवायचे, कारण डुकरांचा कळप एकदा शेतात शिरला तर सकाळी कापायला काही उरत नाही. रात्री दोन वाजता पत्र्याचा डबा बडवणं हे मुंबईत वेडाचं लक्षण किंवा दखलपात्र बाब ठरेल. इथे ते न केलं तर बायको विचारते, झोपलात का म्हणून. या प्रत्येक आवाजाला मालक आहे, कारण आहे, आणि मुख्य म्हणजे तो कधी थांबणार हे ऐकणाऱ्याला माहीत आहे. शहरातला आवाज नेमका या तिन्ही बाबतींत अनाथ. वरच्या मजल्यावर फरशी कोण कापतंय, का कापतंय आणि आणखी किती महिने कापणार, हे कुणी सांगत नाही. कापणाऱ्याचं आडनावसुद्धा ठाऊक नसतं. ड्रिल मशीनपेक्षा त्या अज्ञानाने डोकं जास्त उठतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. अहो, कुडपणात आवाज करायला माणसं तरी कुठे आहेत? निम्म्या घरांना कुलपं, उरलेल्यांत म्हातारी-कोतारी. ज्या गावात वर्षातले दहा महिने बोलायला माणूस मिळत नाही, तिथे तक्रार शून्य यात कसलं कौतुक? आक्षेप रास्त आहे. पण मग शिमग्याचे आणि गणपतीचे दिवस काढून बघा. तेव्हा कुलपं निघतात, एका खोलीत दहा जण झोपतात, आवाज शहराच्या बरोबरीचा होतो, आणि तरीही तक्रार होत नाही. उलट कोकणात गाऱ्हाणं मांडायची जी जुनी सार्वजनिक रीत आहे, तीच मुळात कानठळ्या बसवणारी. होळीच्या रात्री हात तोंडावर मारून, ज्याचा राग आहे त्याच्या नावाने बोंब ठोकायची. वर्षभराचा हिशेब एका रात्रीत चुकता. तक्रार अर्ज, पोच, पाठपुरावा काही नाही. आणि ज्याच्या नावाने बोंब मारली तोच दुसऱ्या दिवशी पालखीला खांदा द्यायला शेजारी उभा. ध्वनिप्रदूषणानेच तक्रार निवारण करणारी ही जगातली एकमेव यंत्रणा असावी.

दुसरा आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. कुणी म्हणेल की गावात माणूस तक्रार करत नाही तो प्रेमाने नव्हे, भीतीने. हे रायगड जिल्ह्याला सांगायची गरज नाही. गावकीच्या विरोधात बोललेल्या कुटुंबांना वाळीत टाकण्याची प्रकरणं या जिल्ह्यातून इतकी बाहेर आली की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. २०१६ साली तो मंजूर झाला आणि २०१७ च्या जुलैपासून लागू आहे. जिथे पालखी दारात येणार की नाही हे गावकी ठरवते, तिथे पालखीपुढचा ढोल जरा हळू वाजवा असं कोण म्हणेल? तेव्हा कुडपणातल्या शून्यात आपुलकी किती आणि धास्ती किती, हे शून्याकडे बघून कळत नाही, हे मान्य. पण यातून माझंच म्हणणं बळकट होतं. आकडा आवाजाबद्दल गप्प आहे. आणि शहरात ही धास्ती नाही असं कुठे आहे? तिथे वाळीत टाकत नाहीत, पण वर्गणीच्या वेळी लक्षात ठेवतात. तक्रार गेली, दोन पोलीस मंडपाशी आले, आणि पहिल्यांदा विचारपूस कसली होते, तर तक्रार कुणी केली याची. कार्यकर्ते मान वर करून इमारतीकडे बघतात. चौथ्या मजल्यावर एकाच घरात दिवा जळत असतो. मग आवाज पाच मिनिटं उतरतो, पोलीस वळले की चढतो, आणि पुढचं गाणं चौथ्या मजल्याला अर्पण केलं जातं.

मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी, कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवासी संघटनांच्या याचिकेवर निकाल देताना यावरच बोट ठेवलं. भोंगा हा कुठल्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, हे तर न्यायालयाने सांगितलंच, पण तक्रारदाराची ओळख न तपासता कारवाई करा आणि त्याचं नाव आवाज करणाऱ्याला कळू देऊ नका, असंही पोलिसांना बजावलं. असह्य होईपर्यंत लोक सहसा तक्रार करतच नाहीत, अशी नोंदही त्या निकालात आहे. म्हणजे शेजारी राहणाऱ्या माणसाला ‘जरा हळू’ एवढं सांगण्यासाठी आपल्याला उच्च न्यायालयाकडून बुरखा मिळवावा लागला. भोंग्यांचं राजकारण २०२२ साली पेटलं तेव्हाही हेच दिसलं. ज्याला त्याला दुसऱ्याचाच भोंगा ऐकू आला, स्वतःचा कुणालाच नाही. डेसिबल दोन्हीकडे सारखे होते.

कायद्याचीही थोडी गंमत बघायला हवी, कारण तक्रारदाराची खरी परीक्षा तिथे आहे. नियमांनुसार दिवसा निवासी भागात मर्यादा ५५ डेसिबल. पण साधी मर्यादा ओलांडली म्हणून तक्रार करता येत नाही. ती १० डेसिबलनी किंवा त्याहून जास्त ओलांडलेली हवी, किंवा रात्रीच्या बंदीचा भंग तरी हवा. आता डेसिबलचं गणित असं की १० ने वाढला म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट झाली. थोडक्यात, कायदा म्हणतो की मर्यादेच्या नऊपटीपर्यंत दातओठ खा, दहापट झाली की या. आणि ती दहापट झाली हे तक्रारदाराने ओळखायचं कसं, तर मोबाइलवरच्या ॲपने, ज्याचं मोजमाप पुरावा म्हणून चालेलच असं नाही. शांतता क्षेत्राचं त्याहून मजेशीर. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता, असं लोक समजून चालले होते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने नियम बदलून सांगितलं की राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलंही क्षेत्र शांतता क्षेत्र नाही. गणपती तोंडावर आले होते. रुग्णालयं जिथल्या तिथे होती, रुग्ण जिथल्या तिथे होते, फक्त शांतता कागदावरून उठून गेली. यावर उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि त्या स्थगितीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. शिवाय वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री बारापर्यंत ध्वनिक्षेपक चालवायची सवलत राज्याला देता येते. हे १५ दिवस जिल्ह्याजिल्ह्यात वाटले जातात तेव्हा जी रस्सीखेच होते, ती पाण्याच्या पाळ्यांच्या वाटपातसुद्धा होत नाही.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा. तुम्ही तक्रारींची चेष्टा करताय, पण मोठ्या आवाजाने कान कायमचे जातात, रक्तदाब वाढतो, झोप उडते, त्याचं काय? त्याचं उत्तर एवढंच की डॉक्टर बरोबर आहेत आणि म्हणूनच हा प्रश्न तक्रारींवर सोडू नये. कानाच्या आतल्या नाजूक पेशी ओळखदेख पाहत नाहीत. आपल्या भावकीचा ढोल असला तरी १०० डेसिबलांत त्या मरतात, आणि मेलेल्या परत येत नाहीत. बेंजोच्या बॉक्सपुढे सबंध रात्र नाचणारं पोर खूश असतं, म्हणजे त्याची तक्रार शून्य, पण नुकसान पूर्ण. उलट वरच्या मजल्यावरच्या टाचांनी कुणाचा कान गेल्याचं ऐकिवात नाही, आणि तक्रारी मात्र त्याच्याच. जिथे इजा आहे तिथे तक्रार नाही, जिथे तक्रार आहे तिथे बऱ्याचदा इजेपेक्षा चीड जास्त आहे. मग पालिका आणि पोलीस तक्रारींच्या मागे धावून आवाज कसा कमी करणार? यंत्रं लावा, रोजचे आकडे चौकात फळ्यावर लिहा, आणि मर्यादा ओलांडणाऱ्याला कुणी फोन करो न करो, दंड करा. मोठ्या सभेला मोठा आवाज लागतोच, असं म्हणणाऱ्यांनी एकदा शेजारच्या रायगडावर जावं. राजसभेत सिंहासनाच्या जागेपासून नगारखाना दोनशे फुटांहून लांब आहे, आणि एका टोकाला हलक्या आवाजात बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. बांधणाऱ्याला ध्वनी कळत होता. आज तिथेसुद्धा कार्यक्रम असला की माईक लागतो.

कुडपणचं शून्य फार दिवस टिकेल असंही नाही. पावसाळ्यात धबधबे बघायला मुंबई-पुण्याच्या गाड्या चढू लागल्या आहेत. शहरातल्या गोंगाटाला कंटाळून शांतता शोधत आलेला पर्यटक गाडीचं दार उघडतो तेव्हा आधी ब्लूटूथचा स्पीकर उतरवतो. पाठोपाठ जमिनीचे व्यवहार येतात, मग बंगले येतात, आणि बंगल्याबरोबर तक्रार येते. हे फ्रान्समध्ये घडून गेलं आहे. ओलेरों बेटावर सुट्टीसाठी घर घेतलेल्या एका जोडप्याने शेजारणीच्या मोरिस नावाच्या कोंबड्यावर थेट खटला भरला, पहाटे आरवतो म्हणून. २०१९ च्या सप्टेंबरात न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला आणि तक्रारदारांनाच हजार युरो भरपाई द्यायला लावली. २०२१ च्या जानेवारीत तर फ्रान्सच्या संसदेने कायदा करून खेड्यांतल्या आवाजांना आणि वासांना वारशाचा दर्जा दिला. आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत पोलादपूर तालुक्यातल्या कोंबड्यांनी वकील बघून ठेवायला हरकत नाही, कारण कुडपणातली आवाजाची पहिली लेखी तक्रार कुणाही गावकऱ्याची नसेल. ती ‘सेकंड होम’वाल्याची असेल आणि गावातल्या एकाही माणसाचं नाव त्याला माहीत नसेल.

चाकरमान्यांना मात्र एक विनंती करायची आहे, आणि ती थट्टेत नाही. २०२१ च्या २२ जुलैला याच डोंगरांनी महाडच्या तळियेत आणि पोलादपूरच्या साखर सुतारवाडी व केवनाळ्यात माणसं गाडली. महाबळेश्वरला त्या एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. दरड कोसळण्याआधी झाडं कडाडतात, दगड एकमेकांवर आपटतात, डोंगर घरघरतो, आणि असा आवाज आला की घर सोडा असं आपत्ती व्यवस्थापनवाले सांगतात. तो आवाज ऐकू यायला रात्र गप्प असावी लागते. गणपती येतात तेव्हा इकडचा पाऊस संपलेला नसतो. तेव्हा यंदा बॉक्स आणा, बेंजोही आणा, बाल्या नाच करा, ढोल तर हवाच. पण रात्री दहा वाजता पॉवरची पिन काढा, आणि पुढची भजनं टाळ-मृदंगावर होऊ द्यात. नियम कुडपणलाही लागू आहेत, आणि इथे ते मोडल्याची तक्रार कुणी करणार नाही.